घाटाखालचा वाटा

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस गाव सांगताना तालुक्याच्या आधी 'घाटावर' की 'घाटाखाली' ते सांगतो. अजिंठ्याच्या रांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. आणि घाटाच्या पायथ्याशी मोताळा. वर सोयाबीनचं राज्य, खाली काळ्या जमिनीतला कापूस, त्यातही उत्तरेकडे खारपाणपट्टा. जिल्हा एक, पण जमीन, पाणी आणि पिकाचं दुखणं वेगवेगळं.

मी संगणकशास्त्र शिकवतो. काही वर्षांपासून विद्यार्थी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना सोबत घेऊन कापूस-सोयाबीनच्या पानांच्या फोटोंवरून रोग ओळखणारं मॉडेल घडवण्याचं काम करतो आहे. शेतकऱ्यांची अट एकच होती: फोटो गावाबाहेर जाणार नाहीत. ती रास्त होती. पिकाच्या फोटोबरोबर जागा, तारीख आणि पिकाची अवस्था जाते. ती माहिती व्यापाऱ्याला, सावकाराला, विमावाल्याला हवीच असते.

म्हणून आम्ही फेडरेटेड लर्निंगची वाट धरली. मॉडेल म्हणजे शेवटी आकड्यांचा गठ्ठा. तो गठ्ठा मध्यवर्ती संगणकावरून प्रत्येक केंद्राकडे, म्हणजे जिथे फोटो ठेवले आहेत त्या संगणकाकडे, जातो, तिथल्या फोटोंवर शिकतो, आणि फक्त बदललेले आकडे परत येतात. त्यांची सरासरी काढून नवा गठ्ठा पुन्हा सगळीकडे पाठवायचा. गूगलच्या संशोधकांनी ही पद्धत २०१६ साली मांडली आणि पुढच्याच वर्षी मोबाइलच्या कीबोर्डसाठी वापरून पाहिली. २०२१ मध्ये जगभरातल्या २० संस्थांनी याच रीतीने कोविड रुग्णाला किती प्राणवायू लागेल याचा अंदाज बांधणारं मॉडेल घडवलं. २०२२ मध्ये सहा खंडांतली ७१ केंद्रं मेंदूच्या गाठींवरच्या कामासाठी एकत्र आली. रुग्णाची एकही प्रतिमा रुग्णालयाबाहेर गेली नाही.

आमच्या एका बैठकीत संग्रामपूरकडचे एक वयस्क शेतकरी म्हणाले, "सर, फोटू आमचे, राबनं आमचं. मशीन हुशार झाली, त त्याच्यातला आमचा वाटा कोन मोजन? अन् फोटू पाह्यल्याबिगर कसा मोजन?" या क्षेत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनी दोन वाक्यांत विचारला होता. त्याचं उत्तर शोधताना जे कळलं ते पुढे लिहितो.

१. मोजायचं कसं, ते ढीग होण्याआधी ठरवा

विदर्भातल्या शेतकऱ्याला सामाईक ढीग आणि मागाहून येणारा वाटा नवा नाही. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खरेदी केंद्रावर ग्रेडर कापसाची प्रत ठरवायचा, मग तो कापूस ढिगात जायचा, आणि चुकारे नंतर यायचे. एकदा ढिगात मिसळला की कोणाचा कापूस कोणता, हे सांगणं अशक्य. म्हणून सगळा न्याय-अन्याय दाराशीच व्हायचा, ग्रेडरच्या एका शब्दावर. ज्यांच्या घरात तेव्हा कापूस होता त्यांना त्या शब्दाचं वजन आजही आठवतं.

फेडरेटेड लर्निंगमधली सरासरी म्हणजे तोच ढीग. सगळ्यांचे आकडे मिसळून मॉडेल तयार झालं, की त्यातून मेहकरचं शिकणं आणि नांदुऱ्याचं शिकणं मागाहून वेगळं काढता येत नाही. म्हणून काय मोजणार, कोण मोजणार, हरकत कुठे घ्यायची, हे हंगामाच्या आधी एका पानावर लिहून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं पाहिजे. आम्ही ते मृगाच्या आधी करतो. पेरणी सुरू झाल्यावर बैठकीला कोणी येत नाही, आणि येऊही नये.

२. फोटोंची संख्या म्हणजे वाटा नव्हे

सगळ्यात सोपं माप संख्येचं. मूळ पद्धतही हेच करते: ज्याचे नमुने जास्त, त्याच्या आकड्यांना सरासरीत वजन जास्त. पण एकाच झाडाचे दहा बाजूंनी काढलेले दहा फोटो मॉडेलला फारसं काही शिकवत नाहीत.

आमच्याकडचं उदाहरण सांगतो. घाटावरच्या केंद्रांकडून फोटो भरपूर आले. त्यांवर शिकलेलं मॉडेल कपाशीचं पान लालसर दिसलं की 'लाल्या' म्हणायचं. खारपाणपट्ट्यात मात्र क्षारांमुळे पानांच्या कडा करपतात, आणि ते दुखणं वेगळं. तिथून आलेले फोटो मोजकेच होते, पण करपलेली कड आणि लाल्या यांतला फरक मॉडेलला त्यांनीच शिकवला. संख्येने वाटा मोजला असता तर ते केंद्र यादीत तळाला गेलं असतं.

३. 'याला वगळलं तर काय बिघडतं?' हा प्रश्न अपुरा आहे

पुढचं माप बहुतेकांना पटतं. एका केंद्राला बाजूला ठेवून मॉडेल घडवायचं, अचूकता किती घटते ते पाहायचं, आणि घट तेवढा वाटा धरायचा. ऐकायला रास्त वाटतं. पण ते कुठे फसतं, हे समजण्यासाठी बैठकीत फळ्यावर मांडतो ते कल्पित गणित इथेही मांडतो.

समजा मेहकर, चिखली आणि संग्रामपूर ही तीन केंद्रं आहेत. अंदाजपंचे उत्तरांपेक्षा मॉडेल किती सुधारलं, त्याचे गुण धरू. एकटं मेहकर ६०, एकटं चिखली ६०, एकटं संग्रामपूर ४०. मेहकर आणि चिखली मिळून ६२, कारण दोघांकडचं पीक आणि जमीन जवळपास सारखी. मेहकर आणि संग्रामपूर ८४, चिखली आणि संग्रामपूर ८४, तिघं मिळून ८६.

आता वगळून पाहा. मेहकर काढलं तर ८६ चे ८४ होतात, म्हणजे वाटा २. चिखलीचाही २. संग्रामपूर काढलं तर ६२ उरतात, म्हणून त्याचा वाटा २४. बेरीज २८. उरलेले ५८ गुण कोणाचे? एकसारख्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाला काढलं की दुसरा ती जागा भरून काढतो, म्हणून या मापात दोघंही बिनकामाचे ठरतात. आणि दोघांनाही काढलं तर मॉडेल ८६ वरून ४० वर येतं.

४. शॅप्लीचं गणित न्यायाचं आहे, पण त्याला वेळ फार लागतो

यावरचा तोडगा लॉइड शॅप्ली या गणितज्ञाने १९५३ सालीच देऊन ठेवला होता. संगणकाच्या शिकण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. अनेकांनी मिळून मिळवलेल्या फळाची वाटणी कशी करावी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. २०१२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते दुसऱ्या कामासाठी होतं, पण त्यांच्या नावाचं हे मूल्य आज मशीन लर्निंगमध्ये जास्त वापरलं जातं.

कल्पना साधी आहे. केंद्रं कामात कोणत्या क्रमाने आली असती, ते सगळे क्रम मांडायचे. प्रत्येक क्रमात एखादं केंद्र आल्याने किती गुण वाढले ते पाहायचं आणि त्याची सरासरी काढायची. वरच्या तिघांचे क्रम सहा. मेहकरच्या वाढीची बेरीज १७०, सरासरी २८.३३. चिखलीचीही तेवढीच. संग्रामपूरची बेरीज १७६, सरासरी २९.३३. तिघांची बेरीज बरोबर ८६. एकही गुण अधांतरी राहत नाही, आणि सारखं काम करणाऱ्यांना सारखं मिळतं.

हे गणित फळ्यावर सोडवलं की बैठकीतली कुजबुज थांबते. घाटाखालच्यांना वाटतं आपली किंमत कळली, आणि घाटावरच्यांनाही आपण फुकट गेलो नाही असं वाटतं.

अडचण वेळेची. तीन केंद्रांचे गट आठ. जिल्ह्यातले तेरा तालुके धरले तर गट होतात ८,१९२. एकेका गटाचं मॉडेल घडवायला अर्धा तास लागला तरी ४,०९६ तास, म्हणजे रात्रंदिवस संगणक चालवून सुमारे १७० दिवस. तेवढ्यात खरीप निघून जातो. म्हणून सगळे क्रम न घेता काही यादृच्छिक क्रम घेतात. एखाद्या क्रमात गुण वाढायचे थांबले, की तो तिथेच सोडतात. प्रत्येक वेळी मॉडेल नव्याने शिकवण्याऐवजी त्या-त्या फेरीत आलेले आकडेच वेगवेगळ्या गटांत जुळवून पाहतात. २०१९ पासून या विषयावर बरंच संशोधन झालं आहे.

पण अंदाज तो अंदाजच. तेच फोटो, तीच केंद्रं, आणि गणिताची सुरुवात फक्त वेगळ्या यादृच्छिक आकड्याने केली, तरी शेजारच्या दोन केंद्रांचे क्रम उलटेपालटे होतात. म्हणून दशांश चिन्हानंतरचे आकडे जाहीर करणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. आम्ही फक्त तीन पट्टे सांगतो: जास्त, मध्यम, कमी. दोन केंद्रांतला फरक गणिताच्या हेलकाव्यापेक्षा लहान असेल, तर ती एकाच पट्ट्यात.

५. परीक्षेचा पेपर एकाच बाजूने काढू नका

वर मी 'गुण' म्हणत आलो. ते गुण येतात कुठून? मॉडेल तपासायला राखून ठेवलेल्या फोटोंच्या संचातून. वाटा मोजण्याच्या सगळ्या पद्धती, शॅप्लीसकट, या संचावर उभ्या आहेत. आणि या क्षेत्रातल्या लिखाणात याच गोष्टीबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

तपासणीचे फोटो बहुतेक सोयाबीनचे आणि घाटावरचे असतील, तर खारपाणपट्ट्याच्या केंद्राने कितीही शिकवलं तरी त्याचे गुण दिसणार नाहीत. कारण त्याने जे शिकवलं ते विचारलंच जात नाही. गणित अचूक असूनही निकाल अन्यायाचा लागतो. शिवाय तो आकड्यांतून आलेला असल्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नाही.

आम्ही आता तपासणीचा संचसुद्धा एका जागी ठेवत नाही. प्रत्येक केंद्र आपल्या फोटोंपैकी काही भाग तपासणीसाठी बाजूला काढतं, कृषी विभागाचा कर्मचारी किंवा जाणता शेतकरी त्यावर रोगाचं नाव लिहितो, आणि मॉडेल तिथे जाऊन पेपर देतं. प्रत्येक केंद्राच्या पेपरला सारखंच वजन, मग फोटो शंभर असोत की हजार. यावर हरकत येते की लहान केंद्राला जास्त माप दिलं जातंय. मला ते योग्य वाटतं. ज्याचं पीक वेगळं आहे, त्याच्यासाठी मॉडेल नीट चालणं हाच एकत्र येण्याचा हेतू आहे.

६. मोजमापाच्या फटीतूनच माहिती झिरपते

या कामात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा भाग हाच.

फोटो जागेवरच राहतो म्हणून तो सुरक्षित, असं आधी सगळ्यांना वाटायचं. २०१९ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं, की शिकताना बदललेल्या आकड्यांवरून काही वेळा मूळ प्रतिमा पुन्हा उभी करता येते. म्हणजे केंद्राकडून येणारे आकडेही उघडे पाहणं धोक्याचं. त्यावरचा इलाज २०१७ सालापासून माहीत आहे. चिखली आणि मेहकर आपापसांत एक गुप्त संख्या ठरवतात. चिखली ती आपल्या आकड्यांत मिळवतं, मेहकर वजा करतं. अशा जोड्या सगळ्यांत होतात. मध्यवर्ती संगणकाला एकेकट्याचे आकडे म्हणजे नुसता गोंधळ दिसतो, पण सगळ्यांची बेरीज केली की गुप्त संख्या एकमेकींना खोडतात आणि बेरीज बरोबर येते.

हे फार सुंदर आहे. पण आता वाटा कसा मोजणार? वाटा मोजायचा तर एकेकट्याचं योगदान दिसायला हवं, आणि इथे तर तेच लपवलं आहे. कोणी म्हणेल, तेरा केंद्रांची बेरीज घ्या, मग एकाला वगळून बाराची घ्या. पण तेरातून बारा वजा केले की त्या एकाचे आकडे उघडे पडतात. दोन निरुपद्रवी बेरजा आणि एक वजाबाकी, एवढ्यात सगळं कुलूप निघतं. म्हणजे आधीचं 'वगळून पाहा' हे माप नुसतं अपुरं नाही, ते गोपनीयतेच्या मुळावरच येतं.

आम्ही धरलेली वाट अशी. केंद्रांचे लहान गट पाडायचे, दर फेरीत गट बदलायचे. गटाची बेरीज दिसते, एकट्याची नाही. गटाचे गुण त्यातल्या सगळ्यांत वाटायचे. अनेक फेऱ्यांनंतर जे केंद्र ज्या गटात जाईल तो गट वर येत असेल, तर त्याचा वाटा आपोआप दिसू लागतो. मात्र फक्त एका केंद्राचा फरक असलेल्या दोन बेरजा कधीही काढायच्या नाहीत, हा नियम पाळावा लागतो. मोजमाप यात थोडं भरड होतं. ते मला मान्य आहे.

दुसरा इलाज म्हणजे आकड्यांत मोजून-मापून गोंगाट, म्हणजे यादृच्छिक आकडे, मिसळणं. डिफरेन्शियल प्रायव्हसी नावाने ही पद्धत २००६ पासून ओळखली जाते. तिचा जाच लहान केंद्राला जास्त होतो. मोठ्या केंद्राच्या हजारो फोटोंत गोंगाट विरून जातो, लहानाचं खरं म्हणणं त्यात बुडतं. आणि जे केंद्र आपल्या शेतकऱ्यांच्या काळजीपोटी जास्त गोंगाट मिसळतं, त्याचा वाटा कमी दिसतो. काळजी घेतल्याची ही शिक्षा होऊ नये म्हणून वाटणीचा एक ठरावीक भाग सगळ्यांना सारखाच द्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

अजून एक बाब फारशी कोणी सांगत नाही. खुद्द वाट्याचा आकडाही बोलतो. गुलाबी बोंडअळीच्या दिवसांत एखाद्या केंद्राचे गुण एका आठवड्यात एकदम वाढले, तर तिथे डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) दिसू लागल्या हे कोणीही ओळखेल. ती बातमी शेतकऱ्याच्या आधी बाजारात पोहोचायला नको. म्हणून वाटा दर आठवड्याला नाही, हंगाम संपल्यावरच जाहीर करावा.

७. वेगळं म्हणजे चुकीचं नव्हे

बिघडलेले किंवा खोटे आकडे ओळखण्याची सोपी युक्ती अशी: जो सगळ्यांच्या सरासरीपासून दूर, त्याला वगळा. ही युक्ती वापरण्याआधी आपल्याच जिल्ह्यातली एक घटना आठवावी.

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडायचं. आरोग्य खात्याची पथकं आली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ज्ञ आले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. गावांची नावं देशभर झाली, आणि ठरलेली लग्नं मोडल्याचंही तेव्हा छापून आलं.

समजा त्या काळात प्राथमिक आरोग्य केंद्रांचं असं सामाईक मॉडेल चालू असतं. बोंडगावकडून आलेले आकडे जिल्ह्याच्या सरासरीत कुठेच बसले नसते. सरासरीशी जुळण्यावरून वाटा ठरवणाऱ्या पद्धतीने ते कचरा म्हणून फेकले असते, आणि जिल्ह्यातली त्या महिन्यातली सगळ्यात मोलाची माहिती तीच होती. त्याच वेळी गावाचं नाव बाहेर न पडणं त्या घरांसाठी किती गरजेचं होतं, तेही यातून कळतं. म्हणून आमचा नियम: एखाद्या गटाचे आकडे फार वेगळे आले तर आधी त्यातल्या केंद्रांवर माणूस पाठवायचा. वगळायचं की नाही ते मग.

८. फुकट्यांना ओळखा, पण त्यांच्याभोवतीच सगळी रचना करू नका

काही जण मिळालेलं मॉडेल किंचित हलवून जसंच्या तसं परत पाठवू शकतात. सांगायला भाग घेतला, शिकवलं काहीच नाही. गटांच्या फेऱ्यांत हे उघडं पडतं. दुसरी चलाखी जास्त अवघड. वरच्या उदाहरणात मेहकर आणि संग्रामपूर ही दोनच केंद्रं असती, तर शॅप्लीने मेहकरला ५२ गुण दिले असते. मेहकरने तेच फोटो दोन नावांनी आणले, तर त्या दोन नावांना मिळून ५४.६७ मिळतात, आणि ते संग्रामपूरच्या वाट्यातून जातात. इतक्या न्यायाच्या गणितातही ही फट आहे, आणि ती गणिताने बुजत नाही. नोंदणीच्या वेळी केंद्र खरोखर आहे का हे जाऊन पाहिलं, की बुजते.

९. वाट्याच्या बदल्यात काय द्यायचं, हे गणित सांगत नाही

काही रचनांमध्ये ज्याचा वाटा कमी, त्याला मुद्दाम कमी प्रतीचं मॉडेल देतात. एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या कंपन्यांना ते चालत असेल. शेतीत आणि आरोग्यात मला ते अजिबात मान्य नाही. बोंडअळीचा पतंग बांध ओळखत नाही. शेजाऱ्याला कीड उशिरा कळली तर ती माझ्याही शेतात येते. चांगलं मॉडेल सगळ्यांना सारखंच मिळालं पाहिजे. वाट्यावरून ठरावं ते त्याच्या वरचं: देखभालीचा निधी, नवा संगणक, पुढच्या हंगामात कोणत्या रोगावर काम करायचं यातला आवाज.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने खासगीपणाला आधार दिला, पण सामाईक मॉडेलमधल्या वाट्याचा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २०२५ ते २०२९ साठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं आहे. तेव्हा यापुढे गावोगावच्या शेतकरी गटांकडे पिकाची माहिती मागायला अनेक जण येतील. माझी सगळ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना विनंती आहे: सही करण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. आमचा वाटा कोणत्या मापाने मोजणार? ते माप ज्या फोटोंवर तपासणार, त्यांत आमच्या भागातले फोटो असतील का? आणि मोजताना आमचे एकट्याचे आकडे कोणाला दिसतील? उत्तरं तुमच्या सभासदांना समजतील अशा मराठीत मागा, आणि ती मिळेपर्यंत सही करू नका.